९००८ मध्ये अडकलेला फोन आणि ‘ऑथ’ विकणारा माणूस

फोनमध्ये रॉम, म्हणजे फोन चालवणारं सगळं सॉफ्टवेअर, टाकताना फोनच मेला असेल, स्क्रीन काळी पडली असेल, कुठलंही बटण दाबून काही होत नसेल आणि संगणकाला जोडल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधल्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत) फक्त ‘क्वालकॉम एचएस-यूएसबी क्यूडीलोडर ९००८’ एवढी एकच ओळ दिसत असेल, तर कुणालाही पैसे पाठवण्याआधी हे वाचा. नेमक्या याच अवस्थेत सापडलेल्या माणसांना हेरणारे लोक आहेत. आमच्या घरातून त्यांनी दोन हजार तीनशे रुपये नेले. खरा डाव त्याहून मोठा होता, तो थोडक्यात फसला.

फोन माझ्या पुतण्याचा, रेडमीचा. भाऊ देवासला असतो, पोरगा इंजिनिअरिंगला म्हणून आमच्याकडे इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. त्यानं रीतसर बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्रॅम) अनलॉक करून, टीडब्ल्यूआरपी रिकव्हरी (बाहेरचा रॉम चढवायचं साधन) टाकून फोनवर कस्टम, म्हणजे कंपनीबाहेरच्यांनी बनवलेला, रॉम चढवला होता आणि तो उत्तम चालत होता. अडचण आली ती बँकेच्या ॲपची. बूटलोडर उघडा आहे म्हणून ॲप चालेना, तेव्हा पुन्हा मूळ फर्मवेअर, म्हणजे कंपनीचाच रॉम, टाकायचं ठरलं. जुनी आवृत्ती जास्त स्थिर म्हणून त्यानं तीच उतरवली, आणि सगळं आपोआप टाकणारी कंपनीची स्क्रिप्ट न चालवता एकेक फाइल हातानं फ्लॅश केली, म्हणजे फोनमध्ये चढवली. तिथे फोन गेला.

का गेला ते सांगतो, कारण पुढची फसवणूक समजायला ते लागतं. या फोनांच्या आत अँटी-रोलबॅकचा, म्हणजे जुन्या आवृत्तीला अडवणारा, एक आकडा नोंदलेला असतो. नव्या अपडेटबरोबर तो वाढू शकतो, कमी मात्र होत नाही. त्याहून कमी आकड्याचं जुनं फर्मवेअर टाकलं की बूटलोडर उठतच नाही. २०१८ मध्ये रेडमी नोट ५ प्रो वापरणाऱ्या कितीतरी जणांनी ही झळ सोसली. कंपनीच्या फ्लॅश-ऑल स्क्रिप्टमध्ये हा आकडा तपासून थांबायची सोय असते, पण एकेक फाइल हातानं टाकली तर ती तपासणी होतच नाही. फोन जिवंत असताना फास्टबूटमध्ये (संगणकावरून फोनला आज्ञा द्यायच्या मोडमध्ये) ‘गेटव्हार अँटी’ (getvar anti) ही आज्ञा दिली तर आकडा तिथल्या तिथे दिसतो. ज्यांचा फोन अजून चालू आहे त्यांनी काहीही फ्लॅश करण्याआधी हे एक काम न चुकता करावं.

९००८ म्हणजे फोनचा शेवटचा दरवाजा, इमर्जन्सी डाउनलोड मोड. बाकी सगळं उडालं तरी चिपमधला हा भाग शाबूत असतो, म्हणून फोन वाचू शकतो. पण या दरवाजाला कुलूप आहे. रेडमीच्या कंपनीचं, शाओमीचं, ‘मी फ्लॅश’ नावाचं टूल आधी फोनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम पाठवतं. मग फोन डिजिटल सही मागतो. ती सही कंपनीच्या सर्व्हरवरून येते, आणि ज्याच्याकडे कंपनीनं मान्य केलेलं सेवा केंद्राचं खातं आहे त्यालाच मिळते. बाजारात याला ‘ऑथ’ म्हणतात. आपलं साधं खातं इथे चालत नाही.

एका मेसेजिंग ॲपवरच्या ग्रुपमध्ये आम्हाला हा माणूस भेटला. ग्रुपवर ‘सक्सेस’चे स्क्रीनशॉट एकाखाली एक लागलेले. बोलणं एकदम मुद्द्याचं. पहिला प्रश्न, ‘सर, पोर्ट ९००८ दिख रहा है ना?’ डिव्हाइस मॅनेजरचा फोटो मागितला, फोनचं कोडनेम विचारलं, इंडिया आवृत्ती की ग्लोबल ते विचारलं. ड्रायव्हर नीट बसलाय का तेही पाहिलं. या विषयातलं ज्याला कळतं त्यालाच सुचतील असे प्रश्न होते, आणि म्हणूनच आमचा विश्वास बसला. फी आठशे रुपये, आधी. क्यूआर कोडवर नाव आलं ते परराज्यातल्या कुठल्याशा किराणा दुकानाचं. विचारलं तर म्हणाला, पार्टनरचं खातं आहे.

मग एनीडेस्क, म्हणजे दुसऱ्याचा संगणक दुरून चालवायचं ॲप, घ्यायला लावलं. विंडोजचं अँटीव्हायरस बंद करा म्हणाला, कारण ‘टूलला ते व्हायरस समजतं’. यातही अर्धं सत्य आहे, फ्लॅशिंगच्या बऱ्याच टूलांवर अँटीव्हायरस खरंच आरडाओरडा करतो. पुढे म्हणाला, मध्येच कनेक्शन तुटलं तर फोन कायमचा जाईल, तेव्हा एनीडेस्कला कायमचा पासवर्ड लावून द्या. आमच्या डोळ्यांसमोर माऊसचा बाण आपोआप फिरू लागला. ‘मी फ्लॅश’ टूल उघडलं गेलं, फाइल निवडली गेली, फ्लॅशचं बटण दाबलं गेलं. पहिल्यांदा आलं ‘कॅनॉट रिसीव्ह हॅलो पॅकेट’. त्यानं पॉवर बटण दाबून धरून केबल पुन्हा लावायला सांगितलं, आणि ती अडचण सुटली. हा उपाय खरा आहे. या मोडमध्ये शिरताना फोन एकदाच ‘हॅलो’ म्हणतो, ती वेळ निघून गेली की पुन्हा जोडावा लागतो. त्यामुळे आमचा विश्वास आणखी वाढला.

नंतर लाल अक्षरांत जी ओळ आली ती शब्दशः देतो, कारण सगळी मेख तिच्यात आहे: ‘ओन्ली नॉप अँड सिग टॅग कॅन बी रिसीव्ह्ड बिफोर ऑथेंटिकेशन’. तो म्हणाला, सर, तुमच्या मॉडेलची सर्व्हर फी वेगळी आहे, म्हणून अडलं. आणखी पंधराशे.

या ओळीचा खरा अर्थ इतकाच, की सही अजून झालेलीच नाही आणि तोवर फोन दोनच प्रकारच्या आज्ञा ऐकेल, नॉप (काहीच न करण्याची) आणि सिग (सहीची). फी, मॉडेल, सर्व्हरचा भार यांचा तिच्याशी काडीचाही संबंध नाही. ज्याच्याकडे मान्यताप्राप्त खातं नाही अशा कुणीही, तुम्ही-आम्हीसुद्धा, बटण दाबलं तर हीच ओळ येते. म्हणजे हा माणूस आमच्याच संगणकावर, फुकट मिळणारं टूल, कुठलंही ऑथ नसताना चालवत होता, आणि येणारच होता तो एरर दाखवून पुढचे पैसे मागत होता. तुमच्या पडद्यावर ही ओळ आली आणि समोरचा तिच्या नावानं पैसे मागू लागला, तर त्याच क्षणी संबंध तोडा.

पंधराशे गेले. मग तो म्हणाला, आयएमईआयचा (फोनच्या ओळख क्रमांकाचा) बॅकअप घेतोय, स्क्रीन काळी होईल, हात लावू नका. एनीडेस्कमध्ये प्रायव्हसी मोड आहे, समोरचा काम करतो आणि आपल्याला फक्त काळा पडदा दिसतो. आता जो फोन सहीशिवाय काही ऐकतच नाही त्यातून आयएमईआयचा बॅकअप निघणार कुठून? पुतण्यानं हाच प्रश्न मोठ्यानं विचारला, आणि तेवढ्यात माझ्या मोबाइलवर ओटीपी आला. एका खरेदीच्या संकेतस्थळावर गिफ्ट व्हाउचरची ऑर्डर. पाठोपाठ त्याचा मेसेज, ‘सर, सर्व्हर का कोड आया होगा, भेजिए.’ मी राउटरची वायर उपटली.

पडदा परत आला तेव्हा मागे ब्राउझरमध्ये साठवलेल्या पासवर्डांचं पान उघडं होतं. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये आम्ही कधी न पाहिलेली एक एक्झी फाइल, म्हणजे प्रोग्रॅम, पडलेली. आणि सगळ्यात जास्त चीड आणणारी गोष्ट नंतर कळली. आम्हाला ब्लॉक केल्यावर त्याच ग्रुपवर एका ओळखीच्या मुलाला नवा ‘सक्सेस’ फोटो दिसला. तो आमच्याच डिव्हाइस मॅनेजरचा होता. तोच कॉम पोर्ट नंबर, आणि कडेला आमच्या जेवणाच्या टेबलावरचं आंब्याच्या नक्षीचं मेणकापड. खाली लिहिलं होतं, ‘डन इन टेन मिनिट्स, हॅपी कस्टमर’. ते सगळे स्क्रीनशॉट कुठून येतात ते तेव्हा समजलं. ज्याला लुटलं त्याचाच फोटो पुढच्याला दाखवायचा.

एनीडेस्कसारख्या ॲपच्या आडून चालणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०१९ च्या फेब्रुवारीतच बँकांना सावध केलं होतं. लोकांच्या मनात तो धोका ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्या फोनशी जोडला गेलाय. फोन दुरुस्तीच्या नावाखालीही तेच चालतं, आणि इथे तर संगणक पूर्ण उघडा करून द्यायला कारण तयारच असतं.

त्या दिवशी आम्ही जे केलं ते कुणावरही वेळ आली तर उपयोगी पडेल. तो संगणक नेटपासून तोडूनच ठेवला. मोबाइलवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदलला, सगळ्या उपकरणांवरून साइन आउट केलं, मग बँक, मग खरेदीची संकेतस्थळं. ईमेल आधी, कारण बाकी सगळ्यांच्या पासवर्डाच्या किल्ल्या तिथेच येतात. नुसतं एनीडेस्क काढून भागत नाही, ती अनोळखी फाइल तशीच राहते. आम्ही विंडोज पुसून नव्यानं टाकलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली.

बँकेचं उत्तर आधीच माहीत असलेलं बरं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, बँकेची आणि ग्राहकाची दोघांचीही चूक नसताना तिसऱ्याच कुणी खात्यातून पैसे काढले आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर बोजा येत नाही. पण तो नियम तुमच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहाराचा. आपण यूपीआय पिन टाकून पैसे पाठवले की बँकेच्या लेखी तो आपण केलेला व्यवहार. आम्हालाही हेच सांगण्यात आलं. म्हणून १९३० ला उशीर करू नये. पैसे पुढे सरकायच्या आत समोरच्या खात्यात अडकवता आले तरच काही आशा असते. आमचे सरकले होते.

मग मी जेल रोडच्या मोबाइल बाजारात गेलो. तिथे बरीच वर्षं बसणारा एक कारागीर आहे, माझ्या ओळखीचा, खोटं न बोलणारा. त्याला लाल ओळ दाखवली तर पुढचं ऐकायच्या आतच म्हणाला, ‘भिया, ऑथ वाला पैसा काम के बाद लेता है. पहले माँगे तो उसके पास कुछ है ही नहीं.’ त्यानं सांगितलं की दूरवरून सही करून देणारे खरेही असतात, बाजारातली काही दुकानंसुद्धा त्यांच्याकडूनच काम करवून घेतात. पण त्यांची खाती कुणाच्या तरी सेवा केंद्रातून बाहेर आलेली. आज चालतात, उद्या बंद.

यावर माझं मत स्पष्ट आहे. काम करून देणाराही जर दुसऱ्याच्या खात्यावर काम करत असेल, तर बिघडल्यावर तुम्ही त्याला कुठल्या तोंडानं आणि कुठे जाब विचारणार? बिल नाही, नाव नाही, पत्ता नाही. दोन पैसे वाचतात म्हणून या वाटेला जाण्यात काहीच अर्थ नाही.

फोन शेवटी कंपनीच्या सेवा केंद्रातच उठला. तिथे ते खातं रीतसर असतं, त्यामुळे बोर्ड बदलावा लागला नाही, सॉफ्टवेअर टाकण्याचे पैसे लागले आणि पक्कं बिल मिळालं. आतला डेटा मात्र गेला. काही ठिकाणी बघताक्षणी ‘बोर्ड गेला’ म्हणून सांगतात, तेव्हा काउंटरवर फोन ९००८ मध्ये दिसतोय आणि फक्त फर्मवेअर हवं आहे हे स्वतःहून सांगा आणि जॉब शीटवर लिहून घ्या. परत मिळाल्यावर तिथेच उभं राहून स्टार-हॅश-०६-हॅश दाबून आयएमईआय खोक्यावरच्या आकड्याशी जुळवा. कुणी ‘वेगळा आयएमईआय टाकून देतो’ म्हणाला तर फोन उचलून बाहेर पडा. आयएमईआयशी छेडछाड करण्याला २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

फर्मवेअरच्या फाइलसाठीही पैसे मागणारे भेटतील. मूळ फर्मवेअर फुकट उतरवता येतं, त्याचे पैसे देऊ नका. आणि ‘मी फ्लॅश’ टूलमध्ये खाली ‘क्लीन ऑल अँड लॉक’ असा पर्याय असतो, तो बरेचदा आधीपासूनच निवडलेला असतो. दुसऱ्या देशाचा रॉम टाकताना तो तसाच राहिला तर बूटलोडर पुन्हा लॉक होतो, फोन ‘ही आवृत्ती या उपकरणावर चालणार नाही’ म्हणून अडतो, आणि मग पुन्हा तीच ऑथवाल्यांची दारं. आधी तो पर्याय बदला, मगच फ्लॅश करा.

तुमच्याकडूनही असे पैसे गेले असतील तर रक्कम लहान आहे म्हणून गप्प बसू नका. यूपीआयचा बारा अंकी व्यवहार क्रमांक, क्यूआर कोडवर दिसलेलं नाव, ग्रुपची लिंक आणि त्या माणसाचं यूझरनेम हे सगळं ब्लॉक होण्याआधीच जपून ठेवा आणि तक्रारीला जोडा. आम्ही आमच्या मेणकापडाचा फोटोही जोडलाय.