फ्री साइज लाकडी ठोकळा आणि माझे २३,३४९ रुपये

‘टोपी शिकाक गेलंस नि टोपी घालून घेतलंस!’ हा विनोद माझ्या दिरांनी केलाय, शेजारणीने केलाय, पोलीस ठाण्यातल्या हवालदारानेसुद्धा केलाय. तुम्ही नका करू.

३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलंय मी, भोळी नाही. आजोबा इरली विणायचे, त्यांच्या शेजारी बसून मी झावळांच्या पातींच्या टोप्या करायचे. म्हणून मोबाइलवर ‘हाताने फेल्ट हॅट बनवायला शिका’ दिसलं तेव्हा मोह झाला. फी १,९९९. ऑनलाइन दोन वर्ग झालेही. फेल्ट म्हणजे लोकर दाबून केलेलं जाड कापड. त्याचा शंकूसारखा तुकडा वाफेवर मऊ करायचा, लाकडी ठोकळ्यावर ओढायचा, कडेला दोरी आवळून वाळवायचा, मग आतून घामपट्टी शिवायची. शिकवणारा कुणाचा तरी फुकटातला व्हिडिओ आवाज बंद करून दाखवत होता, हे नंतर कळलं.

मग किट, ६,८५० रुपये. मी विचारलं, ‘माझ्या डोक्याचा घेर ५६ सेंटीमीटर आहे, ठोकळा त्याच मापाचा ना?’ तो म्हणाला, ‘फ्री साइज आहे ताई.’

फ्री साइज! लाकूड काय इलॅस्टिक आहे? तिथेच फोन ठेवायला हवा होता. रात्री जाग आली की अजून हेच आठवतं. त्याआधी ‘पनामा हॅटचं गवत थेट पनामाहून मागवतो’ असंही म्हणाला होता. ती टोपी मुळात इक्वेडोरची, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, जाऊ दे, कशाला चुका काढायच्या. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि नेमकी तेव्हा गप्प बसले.

खोक्यातून निघाला तपकिरी रंग फासलेला थर्माकोलचा गोळा आणि शाळेत हस्तकलेला वापरतात तसले ॲक्रिलिक फेल्टचे दोन तुकडे. लोकरीच्या तंतूंना बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकतात म्हणून लोकर आकार धरते. ॲक्रिलिकला कुठले खवले? वाफेवर तो नुसता लोंबला आणि गोळा एका बाजूने खचला.

मी फोनवर भांडले. ‘रिफंड देतो, क्यूआर स्कॅन करा.’ पुढचं तुम्हाला माहीतच आहे. १४,५०० गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे बचत गटातल्या बायकांना मीच सांगत आले होते! पण डोकं तापलेलं, गॅसवर पातेलं उकळतंय आणि तो घाई करतोय.

लाजेने नऊ दिवस कुणाला सांगितलं नाही. हा मूर्खपणा तुम्ही करू नका. त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येतात ते तेव्हाच.

बँकेतले साहेब मान वर न करता म्हणाले, ‘पिन तुम्हीच टाकलात ना?’ आणि मला खातं उघडलेल्या शाखेत पाठवलं. तिथून पोलीस ठाण्यात. तिथे म्हणे जिल्ह्याच्या ठिकाणी जा. एसटीने गेले, तर ‘आधी तुमच्याकडच्या ठाण्याचा अर्ज आणा.’ परत आले, तर लाइट गेलेली, झेरॉक्स बंद. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पण विषय लिहिला ‘टोपी खरेदीवरून वाद’. वाद? मी फसवणूक म्हणून भांडले तर हवालदार म्हणतो, ‘बाई, या वयात कशाला हव्यात हॅटी?’ पोच मागितली तर शिक्का साहेबांच्या कपाटात आणि साहेब बंदोबस्ताला. पोच घेतल्याशिवाय उठू नका, मी उठले.

वस्तू हातात येण्याआधी पूर्ण पैसे देऊ नका. चालू व्हिडिओ कॉलवर ठोकळ्यावर टिचकी मारून दाखवायला सांगा. आणि सावंतवाडीच्या चितारआळीत आयुष्यभर लाकूड घडवणारी माणसं बसलीत. माप घेऊन आधी तिथे विचारायचं मला का सुचलं नाही, देव जाणे.

काल तीच जाहिरात पुन्हा दिसली. फोटो तेच, नाव दुसरं, फी २,४९९. खाली ठळक अक्षरांत: ‘फ्री साइज लाकडी ठोकळ्यासह’.