फोटो तोच, क्यूआर कोड नवा

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पूर आला आणि माझ्या मोबाइलवर तोच फोटो पुन्हा येऊन पडला. म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन छातीभर पाण्यातून निघालेला मुलगा. खाली गावाचं नाव नवं, मंडळाचं नाव नवं, क्यूआर कोडही नवा. म्हणून हे लिहिते आहे.

मी मूळची सांगलीची. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. पुण्यात बसून आम्ही रात्र रात्र मेसेज फिरवत होतो, कुठल्या गल्लीत कोण अडकलंय, कुणाला औषधं हवीत. पुण्या-मुंबईहून टेम्पो भरभरून गेले. एका फॉरवर्डमुळे उपाशी माणसाच्या हातात भाकरी पडते, हे मी पाहिलं होतं. चोरानं नेमका त्या विश्वासावर हात मारला.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीनं चिपळूण बुडवलं. दुसऱ्याच दिवशी हा फोटो आला. आमचं मंडळ रोज पाचशे जणांना जेवण देतंय, जमेल तेवढं द्या, पुढे पाठवा. पाच हजार पाठवताना स्क्रीनवर खातेदार म्हणून कुणा एका बाईचं नाव दिसलं. खजिनदार असतील, असं मीच ठरवलं आणि पिन टाकला. वर ‘मी पाठवलेत, खात्रीचं आहे’ असं लिहून नऊ ग्रुपवर टाकलं. आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशींनी कणकेचे हात पुसून पाचशेची नोट काढून दिली. “ताई, माझेपण घाला त्यात.”

तिसऱ्या दिवशी भावाचा फोन आला. “ताई, फोटो नीट बघ. मागं आपला मारुती चौक आहे. २०१९ चा फोटो आहे हा.” ज्या चौकातून मी शाळेत जायचे, तो मला ओळखू आला नव्हता. मी फक्त ती म्हातारी बघत होते.

पोस्टरवरचा नंबर बंद. सायबर हेल्पलाइनला फोन केला, तेव्हा ती १५५२६० होती, आता १९३० आहे. पण तोवर पैसे पुढच्या खात्यांत गेले होते. लगेच कळवलं तरच रक्कम अडवली जाण्याची आशा असते. ग्रुपवरचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायची मुदतही उलटली होती.

खातेदाराचं नाव संस्थेशी जुळत नसेल तर पिन टाकू नका. फोटो आधी गूगल लेन्समध्ये टाकून बघा, तो पूर्वी कुठे आला होता का ते शोधता येतं. मार्च २०२० मध्ये पीएम केअर्स निधी सुरू होताच एका अक्षराच्या फरकाचा बनावट यूपीआय आयडी निघाला होता, मग गल्लीतल्या मंडळाची काय कथा! आणि ‘खात्रीचं’ असं लिहिण्याआधी त्या गावात एकाला तरी फोन लावा.

खुलासा मी त्याच नऊ ग्रुपवर टाकला. आवाहन धडाधड पुढे पाठवणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो पाठवला. मावशींना पाचशे परत दिले. नोट हातात धरून त्या जरा वेळ उभ्या राहिल्या.

“म्हणजे तिकडं माझ्या पैशाचं कुणीच जेवलं नाही?”