एसप्राइट: शड्डू ठोकणारा पैलवान ३२ पिक्सेलांत बसवायचा असेल तर

एसप्राइट हे पिक्सेल आर्टचं, म्हणजे एकेक ठिपका (पिक्सेल) मांडून केलेल्या चित्रांचं सॉफ्टवेअर आहे, आणि फक्त पिक्सेल आर्टचंच. हे पहिल्याच ओळीत सांगायला हवं, कारण कोल्हापुरात गेम आर्टकडे वळणाऱ्या बऱ्याच जणांचा हात जलरंगावर बसलेला असतो. आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटरांचं गाव हे. रंकाळ्यावरची संध्याकाळ ओल्या कागदावर उतरवणारा माणूस एसप्राइटमध्ये आला की आधी मऊ ब्रश शोधतो, तो सापडत नाही, मग सॉफ्टवेअरला नावं ठेवतो.

म्हणून आधी शैली ठरवा. 'कपहेड' (२०१७) या गेममधली पात्रं कागदावर पेन्सिल आणि शाईने फ्रेममागून फ्रेम (हालचालीचं एकेक चित्र) काढलेली आहेत, मागची दृश्यं जलरंगात आहेत. 'ओकामी' (२००६) ने त्रिमितीय जगाला जपानी शाईच्या कुंचल्याचं रूप दिलं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या कंपनीचा 'राजी' (२०२०) हाताने रंगवलेले पृष्ठभाग वापरतो आणि गोष्ट सांगताना सावल्यांच्या बाहुल्यांसारखी दृश्यं आणतो. असलं काही डोक्यात असेल तर एसप्राइटला पैसे घालू नका. रंगवण्यासाठी क्रिटा आणि त्रिमितीय कामासाठी ब्लेंडर, दोन्ही फुकट आहेत. प्रत्येक ठिपका स्वतः मोजून ठेवायची तयारी असेल तरच पुढे वाचा.

सॉफ्टवेअर हलकं आहे. राजारामपुरीतून घेतलेल्या जुन्या लॅपटॉपवरही चालतं, ग्राफिक्स कार्ड लागत नाही. विंडोज, मॅक आणि लिनक्सवर मिळतं. मोबाइल किंवा टॅबसाठी नाही. पहिल्यांदा उघडल्यावर बटणं मुंगीएवढी दिसली तर प्रेफरन्सेसमध्ये स्क्रीन स्केलिंग वाढवा. दिसायला ते मुद्दाम जुन्या काळातल्यासारखं ठेवलंय, त्याची सवय व्हायला दोन दिवस लागतात.

आता खरं काम. ३२ बाय ३२ चा कॅनव्हास घ्या आणि शड्डू ठोकणारा पैलवान काढा. या एका चित्रात सॉफ्टवेअरचे गुण आणि नवशिक्याच्या चुका, दोन्ही बाहेर पडतात.

रंग दहा पुरतात: अंगासाठी चार तपकिरी, लंगोटाला दोन लाल, मातीला तीन, कडेला एक गडद. पहिला घोटाळा इथेच होतो. लाल लंगोट लाल मातीत विरघळतो आणि पैलवान कमरेपाशी तुटल्यासारखा दिसतो. लाल आणखी भडक करून हे सुटत नाही. माती फिकट करा, थोडी नारिंगीकडे झुकवा आणि लंगोटाची सावली जांभळटकडे न्या. चित्राची एक प्रत करून ती राखाडी करून पाहा. राखाडीत लंगोट आणि माती वेगळी दिसली तर रंगातही दिसतील. दुसरी चूक म्हणजे उशीसारखी छाया: चारी कडांनी गडद आणि मधोमध उजेड. उजेड एका बाजूने घ्या, म्हणजे छातीचा आणि दंडाचा आकार उठून येतो. अंगावरची कडेची रेघ ओढताना वरच्या पट्टीतला पिक्सेल-परफेक्ट हा पर्याय चालू ठेवा. रेघ वळते तिथे कोपऱ्यात जो जादा ठिपका साचतो, तो त्याने आपोआप निघतो.

इंडेक्स्ड मोड मात्र नाद खुळा. यात प्रत्येक ठिपका रंग साठवत नाही, रंगपेटीतल्या खणाचा क्रमांक साठवतो. मातीच्या तीन खणांतले रंग बदलले की सगळ्या फ्रेममधली माती एका झटक्यात दुपारची संध्याकाळ होते. एकूण २५६ खण मिळतात. फक्त एक सापळा लक्षात ठेवा: पारदर्शक थरांवर शून्य क्रमांकाचा खण पारदर्शक मानला जातो. बाहेरून आणलेल्या रंगपेटीत काळा रंग नेमका त्या जागी असला, तर पैलवानाच्या मिशा गायब होतात. काम सुरू करण्याआधी शून्याचा खण रिकामा राखा आणि काळा पुढे सरकवा.

हालचालीसाठी सहा फ्रेम पुरतात. ऑल्ट आणि एन दाबलं की चालू फ्रेमची प्रत पुढे येते, एफ ३ ने आधीच्या-नंतरच्या फ्रेमची पुसट सावली दिसते, एंटरने सगळं चालवून बघता येतं. नव्या चित्रात प्रत्येक फ्रेम १०० मिलिसेकंदांची असते, आणि बहुतेक जण ती तशीच ठेवतात. मग पैलवान मांडीवर थाप मारत नाही, लेकराला थोपटून झोपवतो. टाइमलाइनवर फ्रेमच्या आकड्यावर डबल-क्लिक करून वेळ बदला: उभा २००, गुडघे वाकवून हात मागे १००, हात सगळ्यात वर १५०, थाप ५०, मांडी एक ठिपका हलून धूळ उडते ८०, परत उभा २००. एकूण ७८० मिलिसेकंद. जीव आहे तो तिसऱ्या फ्रेमच्या थांबण्यात आणि चौथीच्या घाईत. तिसरी आणि चौथी यांच्या मधे हाताची आणखी एक फ्रेम घालायचा मोह होईल, घालू नका. डोळा ती उडी स्वतः भरून काढतो आणि थाप जोरात बसल्यासारखी वाटते.

हात फिरवायला रोटस्प्राइट नावाची पद्धत आहे. साध्या फिरवण्यापेक्षा तिने कडा कमी फाटतात, पण एवढ्या छोट्या चित्रात मनगट आणि कोपर हातानेच पुन्हा काढावं लागतं. तो वेळ आधीच धरून ठेवा.

जीआयएफ करताना वेळा दहाच्या पटीत ठेवा. त्या फाइलमध्ये वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात साठते, त्यामुळे ७५ मिलिसेकंद तिथे बसतच नाहीत. मित्राला दाखवायचं असेल तर एक्सपोर्टच्या खिडकीत ८०० टक्के मोठं करून पीएनजी काढा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेलं की जेपीजी होतं आणि कडांना मळ चिकटल्यासारखा दिसतो. स्टिकर छापायला देतानाही हेच. चार इंचांसाठी ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १२०० ठिपके लागतात, म्हणून ३२ ला ३८ ने गुणून १२१६ ची फाइल स्वतःच काढून द्या. छोटी फाइल दुकानात ताणली गेली की पैलवान धुक्यात उभा राहतो.

गेममध्ये चित्र घेताना बहुतेक तक्रारी एसप्राइटच्या नावावर खपतात, चूक मात्र इंजिनच्या, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगची असते. युनिटीत फिल्टर मोड पॉइंट आणि कॉम्प्रेशन नन ठेवा. गोडो ४ मध्ये प्रोजेक्ट सेटिंग्जमधला डिफॉल्ट टेक्स्चर फिल्टर निअरेस्ट करा. स्प्राइट शीट (सगळ्या फ्रेम एकत्र मांडलेलं एकच चित्र) काढताना फ्रेमांमध्ये किमान एक ठिपक्याची जागा सोडा, नाहीतर शेजारच्या फ्रेमची रेघ पैलवानाच्या खांद्यावर चमकते.

पडद्याचं गणितही आधीच करा. ३२० बाय १८० चं दृश्य सहापट केलं की १९२० बाय १०८० अचूक भरतं. आपल्याकडच्या कितीतरी लॅपटॉपचा पडदा अजून १३६६ बाय ७६८ चा आहे. तिथे चौपट करून १२८० बाय ७२० दाखवा, बाजूंना ४३-४३ आणि वर-खाली २४-२४ ठिपक्यांची काळी पट्टी राहू द्या. पट्टी नको म्हणून ताणलं तर काही ठिपके चार रुंद होतात, काही पाच, आणि पैलवान चालताना त्याचं तोंड जाडबारीक होत राहतं.

किमतीचं. अधिकृत साइटवर १९.९९ डॉलर, एकदाच. महिन्याचं भाडं नाही. साइटवरून घेताना डेबिट कार्डचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करून ठेवा, नाहीतर पेमेंट अडकतं. स्टीमवर किंमत रुपयांत दिसते, ते सोपं पडतं. फुकट चाचणी आवृत्ती आहे, पण तिच्यात काम सेव्ह होत नाही. हात बसतो का एवढं पाहायला ठीक. मूळ कोड जाहीर असल्याने स्वतःपुरतं कंपाइल करून, म्हणजे त्या कोडपासून सॉफ्टवेअर स्वतः तयार करून, विनाखर्च वापरता येतं. त्यासाठी सीमेक आणि निंजा ही प्रोग्रामरांची साधनं आणि स्किया लायब्ररी जमवावी लागते, विंडोजवर शिवाय व्हिज्युअल स्टुडिओही. प्रोग्रामिंगची सवय नसेल तर दोन दिवस जातात आणि वीस डॉलर स्वस्त वाटू लागतात. लिब्रेस्प्राइट ही जुन्या मुक्त आवृत्तीतून निघालेली शाखा पूर्ण फुकट आहे. शाळकरी मुलांना तीच द्यावी. तिच्यात एसप्राइटच्या १.३ आवृत्तीत आलेली टाइलमॅपची सोय नाही, आणि आखाड्याची जमीन १६ बाय १६ च्या फरशांनी भरायची वेळ आली की ती उणीव चांगलीच जाणवते.

देवनागरी पाट्यांसाठी मात्र सॉफ्टवेअरवर विसंबू नका. लहान आकारात फाँटची अक्षरं चुरगळतात, हातानेच काढावी लागतात. वरच्या वेलांटी-मात्रेला तीन ठिपके, शिरोरेघेला एक, अक्षराच्या अंगाला सात, खालच्या उकाराला तीन, म्हणजे उंची १४. 'तालीम' या शब्दाला उकार नाही, तो ११ उंचीत होतो, आणि त ला सहा, ल ला सात, म ला सहा, काना आणि वेलांटीच्या दांड्याला तीन-तीन असे धरले तर २५ रुंदीत, म्हणजे ३२ च्या पाटीवर आरामात बसतो. 'खासबाग मैदान' बसत नाही. ते दोन ओळींत घ्या, आणि ख मधले र आणि व एकमेकांना चिकटू देऊ नका; मधे एक रिकामा ठिपका राहिला नाही तर तिथे काय लिहिलंय ते कुणालाच कळत नाही.