वंशसंहार शिकवण्याचा ऑनलाइन कोर्स: जरूर करा, चौथी कार्यपत्रिका तेवढी वाटू नका

मी नववीला इतिहास शिकवते. वंशसंहाराचा विषय आला की माझं ठरलेलं असायचं. प्रोजेक्टरवर प्रेतांचा फोटो लावायचा, नाझींनी मारलेल्या ज्यूंचा ६० लाख हा आकडा सांगायचा, की वर्ग चिडीचूप. मला वाटायचं, पोरांना भिडलं. पोरं नुसती भेदरलेली असायची.

शेवटी शिक्षकांसाठीचा हा सहा सत्रांचा कोर्स केला. नाव भारदस्त आहे, 'कल्चरली रिस्पॉन्सिव्ह' वगैरे. समोरची मुलं कुठल्या घरांतून येतात आणि ज्यांच्याबद्दल शिकवायचं ती माणसं जगत कशी होती, या दोन्हींचं भान ठेवायचं, एवढाच त्याचा अर्थ.

पहिल्याच सत्रात माझी एक जुनी चूक सापडली. पोलंडचे कायदेतज्ज्ञ राफाएल लेमकिन यांनी १९४४ मध्ये 'जेनोसाइड' हा शब्द प्रथम वापरला. १९४८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात त्याखाली पाच कृत्यं येतात, आणि एका गटाची मुलं जबरदस्तीनं दुसऱ्या गटाकडे सोपवणं हे त्यांतलं एक. मी इतकी वर्षं फळ्यावर 'नरसंहार' लिहीत आले. त्यात हे कसं बसणार? आता 'वंशसंहार' लिहिते.

दुसऱ्या सत्रासाठी तर अख्खी फी वसूल. वॉर्सा घेटोत, म्हणजे पोलंडच्या राजधानीत नाझींनी ज्यूंना कोंडलं होतं त्या वस्तीत, इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लुम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुपचूप जमवलेला दस्तऐवज: पत्रं, शाळकरी मुलांचे निबंध, ट्रामची तिकिटं, गोळ्या-चॉकलेटचे कागदसुद्धा. सगळं पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून जमिनीत पुरलेलं. काही १९४६ ला सापडलं, काही १९५० ला. माझा तास आता त्या चॉकलेटच्या कागदापासून सुरू होतो. परवा एकानं विचारलं, "बाई, चव कसली होती?" प्रेतांच्या फोटोवर असा प्रश्न कधी आला नव्हता.

तिसरं सत्र रोमा लोकांवर, म्हणजे शतकांपूर्वी भारतातून युरोपात गेलेल्या समाजावर. त्यांच्या भाषेत पाण्याला 'पानी', कानाला 'कान', माणसाला 'मानुष'. वर्गात हे सांगितल्यावर आधी हशा पिकला. मग सांगितलं, की याच बोलीची ४,००० हून अधिक माणसं ऑगस्ट १९४४ मध्ये एका रात्रीत ऑशविट्झ या नाझी छावणीच्या गॅस चेंबरमध्ये मारली गेली. यात बायकापोरं होती, म्हातारी माणसं होती. पुढची पाच मिनिटं मी काहीच बोलले नाही.

आता तक्रार. 'तुम्ही छावणीत असता तर?' असली नाटकं वर्गात करू नका, कुठल्याही मुलाला त्याच्या समाजाचा प्रवक्ता करू नका, असं कोर्स वारंवार बजावतो. (मीही एकदा खडूचा चौकोन आखून त्यात वीस मुलं उभी केली होती. आठवलं की लाज वाटते.) आणि चौथ्या सत्राची कार्यपत्रिका काय सांगते? 'तुमच्या कुटुंबानं सोसलेला अन्याय वर्गासमोर सांगा.' मीही विचार न करता वाटली. एका मुलीनं कागदाची घडी घातली, आणखी एक घातली, मग आणखी एक, आणि मुठीत धरून तास संपेपर्यंत बसून राहिली. मी तिला काही विचारलं नाही. कागद परतही मागितला नाही.

आफ्रिकेतल्या रवांडावरचं पाचवं सत्र बरं आहे, ओळखपत्रावरची हुतू की तुत्सी ही जमातीची नोंद १९९४ च्या वंशसंहारात नाक्यानाक्यावर जिवावर कशी बेतली ते नीट उलगडतं. सहावं उरकलेलं. शेवटची चाचणी बहुपर्यायी, त्यात मृतांचे आकडे विचारलेत. म्हणजे पुन्हा माझा जुना तास!

पाचपैकी साडेतीन. कार्यपत्रिकेबद्दल आयोजकांना कळवलं, 'नोंद घेतली' असं उत्तर आलं. काल पाहिलं तर ती अजून तिथेच आहे.