चुंबकीय शीतकरणाचा प्रात्यक्षिक संच : नमुन्यांचे परीक्षण, सोलापूरच्या उन्हाळ्यात

पदव्युत्तर भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी आम्ही गेल्या वर्षी चुंबकीय शीतकरणाचा, म्हणजे काही द्रव्ये चुंबकीय क्षेत्रात शिरताना तापतात आणि बाहेर येताना गार होतात या परिणामावर चालणाऱ्या शीतकरणाचा, एक प्रात्यक्षिक संच मागवला. पोकळीत सुमारे 1.1 टेस्ला क्षेत्र देणारा हाल्बाख रचनेचा (तुकडे अशा दिशांनी रचलेला की क्षेत्र पोकळीत एकवटते) कायमचुंबक, नमुना आतबाहेर सरकवण्याची पट्टी, बारीक थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) आणि तीन नमुने एवढे साहित्य त्यात आहे. चुंबक आणि यांत्रिक भाग उत्तम आहेत, त्यांविषयी एवढेच पुरे. परीक्षण करायचे ते नमुन्यांचे, कारण घेणाऱ्याची फसगत होते ती तेथेच.

पहिला नमुना शुद्ध गॅडोलिनियमची पातळ पट्टी आहे. 1976 मध्ये नासाच्या ब्राउन यांनी सामान्य तापमानाजवळ चालणारे चुंबकीय शीतकरण याच धातूवर दाखवले आणि तेव्हापासून प्रत्येक नव्या संमिश्राची तुलना त्याच्याशीच होते. त्याचे क्युरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर लोहचुंबकत्व नाहीसे होते ते तापमान, 20 अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि क्षेत्रात शिरताना तापण्याचा, बाहेर येताना गार होण्याचा परिणाम त्याच तापमानाजवळ सर्वाधिक असतो. पाण्याचे तापमान 21 अंशांवर ठेवून घेतलेल्या वाचनात आम्हाला 2.7 अंशांचा फरक मिळाला. एप्रिलमध्ये प्रयोगशाळा 33 अंशांवर असताना तोच फरक 1.9 वर आला. तापमानानुसार हा फरक दाखवणारा गॅडोलिनियमचा आलेख रुंद असल्यामुळे तो असा निभावून नेतो. मात्र मूलद्रव्य शुद्ध असल्याने त्याचे क्युरी तापमान आपल्या सोयीने हलवता येत नाही.

दुसरा नमुना लॅन्थेनम, लोह, कोबाल्ट आणि सिलिकॉन यांच्या संमिश्राची पट्टी आहे. वजनाने बहुतांश लोहच असल्यामुळे हे द्रव्य गॅडोलिनियमपेक्षा स्वस्त पडण्याची शक्यता आहे आणि या कुळाकडे संशोधकांचे लक्ष वळण्याचे ते एक मोठे कारण आहे. कोबाल्टविना या संमिश्राचे क्युरी तापमान उणे 80 अंशांच्या आसपास असते. लोहाच्या काही अणूंच्या जागी कोबाल्ट बसवला की ते चढत चढत खोलीच्या तापमानापर्यंत येते, आणि किती चढवायचे हे कोबाल्टच्या प्रमाणावर ठरते. या सोयीची किंमत अशी की मूळ संमिश्रात चुंबकत्व जसे एकदम येते आणि जाते, तसे ते कोबाल्टमुळे राहत नाही. चुंबकत्व येण्याजाण्याचे हे संक्रमण सौम्य होते, हिस्टेरेसिस (तापवताना आणि गार करताना संक्रमण वेगवेगळ्या तापमानाला होणे) जवळजवळ नाहीसा होतो, पण परिणामाची उंचीही घटते. आमच्या पट्टीने 19 अंशांना 1.8 अंशांचा फरक दिला, तर एप्रिलच्या खोलीत तो एक अंशाच्याही आत राहिला. विद्यार्थ्यांना पट्टीच बिघडली आहे असे वाटले. प्रत्यक्षात ती युरोपातील खोलीच्या तापमानासाठी जुळवलेली होती, आणि वेष्टनावर केवळ घटकांचे प्रमाण छापून क्युरी तापमान वगळणे ही पुरवठादाराची चूक होती. क्युरी तापमान ही मालाची सर्वांत महत्त्वाची संख्या आहे, आणि ती आम्हाला स्वतः मोजून काढावी लागली.

तिसरा नमुना मला सर्वांत शिकवणारा वाटला. त्यात कोबाल्ट नाही. संमिश्रात हायड्रोजन भरला आहे आणि लोहाच्या थोड्या अणूंच्या जागी मँगेनीज बसवले आहे. हायड्रोजनचे अणू स्फटिकातील मोकळ्या जागांत शिरतात, अणूंची जाळी फुगते आणि क्युरी तापमान थेट 60 अंशांच्याही पुढे जाते, तरी संक्रमणाची धार कायम राहते. मग हायड्रोजन थोडाच भरून हवे ते तापमान का साधू नये, असा प्रश्न वर्गात हटकून येतो. तसे केले तर नमुना क्युरी तापमानाजवळ काही काळ ठेवल्यावर त्यातील हायड्रोजन सारखा पसरलेला राहत नाही; काही भागांत तो जास्त होतो, काही भागांत कमी, आणि आलेखाला एका शिखराऐवजी दोन शिखरे येतात. म्हणून हायड्रोजन पूर्ण भरायचा आणि चढलेले तापमान मँगेनीजने खाली ओढायचे, अशी उलटसुलट वाटणारी पण पक्की युक्ती वापरली जाते. आमच्या नमुन्याने 32 अंशांना 2.4 अंशांचा फरक दिला. त्याची अडचणही संक्रमणाच्या याच धारेतून येते: शिखर इतके अरुंद आहे की सहासात अंश बाजूला सरकताच हाती फारसे काही लागत नाही. प्रत्यक्ष शीतयंत्रात म्हणूनच मँगेनीजचे प्रमाण किंचित बदलत नेलेले अनेक थर एकापुढे एक रचतात, म्हणजे गरम टोकापासून थंड टोकापर्यंत प्रत्येक थर आपापल्या तापमानाला काम करतो. संचात असे दोनतीन थर दिले असते तर त्याचे मोल दुपटीने वाढले असते.

हायड्रोजन भरताना हे द्रव्य भुगा होते, त्यामुळे तिसरा नमुना इपॉक्सीने बांधलेल्या वडीच्या रूपात येतो. इपॉक्सी उष्णता सावकाश वाहू देते, म्हणून थर्मोकपलचे वाचन स्थिर होईपर्यंत घाई करू नये. दुसऱ्या नमुन्याबाबत एक चूक आमच्याच हातून झाली. पट्टी साध्या पाण्यात रात्रभर राहिली आणि सकाळी तिच्यावर तांबूस गंजाचे ठिपके होते. लोहप्रधान संमिश्राला गंजरोधक घातलेले पाणीच हवे, हे माहितीपुस्तिकेत आहे, परंतु अकराव्या पानावर.

मँगेनीज, लोह आणि फॉस्फरस यांचे कूळ संचात नाही. 2002 मध्ये अॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी गाजवलेल्या त्याच्या रूपात आर्सेनिक होते, तेव्हा विद्यार्थ्यांच्या हाती ते न देणे योग्यच. पण आर्सेनिकच्या जागी सिलिकॉन घातलेली आणि थोड्या बोरॉनने हिस्टेरेसिस कमी केलेली पुढची रूपे आता परिचित आहेत. त्यांतील एक चौथा नमुना म्हणून जोडायला हरकत नव्हती.

उष्ण प्रदेशातील महाविद्यालयाने हा संच घ्यावा, मात्र मागणीपत्रात घटकांबरोबर अपेक्षित क्युरी तापमान अंशांत लिहावे. आम्ही कोबाल्टचे प्रमाण वाढवलेली, 32 अंशांची पट्टी वेगळी मागवली आहे. जुनी पट्टी आता जानेवारीतल्या सकाळच्या तुकडीला देतो. त्या वेळी तिचे वाचन व्यवस्थित येते.