नळाला लावायचा फिल्टर: खोक्यावर 42 आहे की 53, आधी ते पाहा

"सर, आपला फिल्टर एनएसएफ सर्टिफाइड आहे." कंपनीच्या हेल्पलाइनवर दरवेळी हेच. एनएसएफ म्हणजे अशा वस्तू तपासून प्रमाणपत्र देणारी अमेरिकन संस्था. मी विचारत होतो, कशासाठी सर्टिफाइड? त्याचं उत्तर शेवटपर्यंत मिळालं नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

फिल्टर पुण्याच्या भावानं पाठवला होता. नळाच्या तोंडाला फिरवून बसतो, आत कार्बनची कार्ट्रिज. गळत नाही, धार तेवढी बारीक होते. आमचं गाव केळापूर तालुक्यात, नळाला बोअरचं पाणी. टाकीत ब्लिचिंग पावडर जास्त पडली की चहाला औषधाचा वास यायचा, तो पहिल्याच दिवशी गेला. आई म्हणाली, "आता पाणी विहिरीवानी लागते." पावसाळाभर मी या फिल्टरवर खूश होतो.

मग कार्ट्रिज बदलायची वेळ आली. नवी 900 रुपयांची. एवढे पैसे मोजायचे तर पाण्यात फरक काय पडतो ते कळलं पाहिजे, म्हणून नवी बसवल्यावर नळाचं आणि फिल्टरचं असं दोन्ही पाणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासायला दिलं. फ्लोराइड नळाच्या पाण्यात लिटरला 2.1 मिलिग्रॅम. फिल्टरच्या पाण्यातही 2.1. आयएस 10500, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे, ते 1 च्या आत हवं, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर 1.5. आमच्या भागात पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे का दिसतात, हे इथं कोणाला सांगावं लागत नाही.

आता मुख्य मुद्दा. एनएसएफ/एएनएसआय 42 हे मानक चव, वास, क्लोरीन आणि गाळ यांच्यासाठी आहे. आरोग्याला घातक गोष्टींसाठी 53, आणि आरओसाठी 58. त्यातही नुसतं 53 वाचून थांबू नका. प्रमाणपत्र प्रत्येक दूषित घटकासाठी वेगळं असतं. एखाद्या फिल्टरला 53 फक्त शिशासाठी मिळालेलं असू शकतं, फ्लोराइडचा त्यात संबंधच नसतो. आकड्याखाली घटकाचं नाव छापलेलं नसेल तर तो दावा नाहीच, असं धरा.

दुसरी पळवाट म्हणजे "एनएसएफ मानकानुसार तपासलेले" हे वाक्य. तपासलेलं म्हणजे प्रमाणित नव्हे. प्रमाणित मालाचा कारखानाही तपासला जातो आणि मॉडेलचं नाव प्रमाणन संस्थेच्या यादीत सापडतं. शेजारी आयएसओ 9001 छापलेलं असतं, त्याचा तुमच्या पेल्यातल्या पाण्याशी काही संबंध नाही; ते कंपनीच्या कामकाजाच्या पद्धतीबद्दल आहे.

माझं मॉडेल मी यादीत शोधलं. 42, क्लोरीन, बस्स. ते पाहिल्यावर फिल्टरवरचा राग गेला. जे काम करतो म्हणून त्याला शिक्का मिळाला, ते तो चोख करतो. राग आहे तो खोक्यावरच्या "संपूर्ण सुरक्षित पाणी" या ओळीवर. त्याच खोक्याच्या खालच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय की जंतूंच्या दृष्टीनं असुरक्षित पाण्याला निर्जंतुक केल्याशिवाय हा वापरू नये. खेड्यात ब्लिचिंग कधी पडतं, कधी पडत नाही. ही ओळ वरच्या बाजूला, मोठ्या अक्षरात पाहिजे होती.

टीडीएस मीटर दाखवून कोणी पटवायला आला तर त्याला परत पाठवा. मीटर एकूण क्षार मोजतो, त्यात फ्लोराइड किती ते सांगत नाही. पाणी उकळूनही फ्लोराइड जात नाही, उलट वाफ गेली की उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. ते काढायला आरओ किंवा ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना (फ्लोराइड शोषून घेणारे दाणे) लागतं. तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत तर आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनंच विकसित केली. आरओ घेणार असाल तर आयएसआय चिन्हासोबत आयएस 16240 (आरओचं भारतीय मानक) पाहा आणि खालचा सीएम/एल नंबर, म्हणजे परवाना क्रमांक, भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून खात्री करा.

सध्या हा फिल्टर चहा-स्वयंपाकाच्या पाण्यालाही लावत नाही, भांडी धुवायच्या नळाला ठेवलाय. पिण्याचं आणि रांधायचं पाणी पंचायतीच्या आरओवरून कॅननं आणतो. पुढची कार्ट्रिज मी घेणार नाही. 53 खाली फ्लोराइडचं नाव असलेला, नळाला बसणारा फिल्टर कोणाकडे असेल तर मॉडेल नंबर आणि आधी-नंतरचा प्रयोगशाळेचा रिपोर्ट, दोन्ही टाका. नुसता शिक्क्याचा फोटो नको.