इन, हॅजओनप्रॉपर्टी की हॅजओन?

जावास्क्रिप्टमध्ये ऑब्जेक्टात (किल्ली-किंमत अशा जोड्यांच्या साठ्यात) अमुक प्रॉपर्टी, म्हणजे अमुक किल्लीची जोडी, आहे का, हे तपासायचे चार-पाच मार्ग आहेत. कोणता घ्यायचा ते ठरवण्याआधी आपल्याला नेमकं काय विचारायचंय ते बघा: किल्ली आहे का, ती ऑब्जेक्टची स्वतःची आहे का, की तिच्यात कामाची किंमत आहे?

सगळ्यात जास्त दिसतं ते साधं 'इफ (सेटिंग.आवाज)'. मीही तेच लिहायचो. वापरणाऱ्याने स्लायडर शून्यावर नेला की पान रिफ्रेश झाल्यावर आवाज परत मूळच्या 50 वर! अर्धा दिवस मी सर्व्हरला शिव्या घालत होतो. खरं तर 0, रिकामी स्ट्रिंग, नल, फॉल्स हे सगळं इफला 'नाही'च वाटतं. अनडिफाइंडशी ('किंमत दिलेलीच नाही' या खुणेशी) तुलना केली तर हा घोळ टळतो. फक्त किल्ली आहे पण तिची किंमतच अनडिफाइंड आहे, हा प्रकार तिला ओळखता येत नाही. बहुतेक कोडला त्याने फरक पडत नाही.

'इन' ऑपरेटर किंमत बघतच नाही, किल्ली बघतो. पण तो प्रोटोटाइपच्या साखळीतही, म्हणजे ज्या ऑब्जेक्टांकडून याला वारसा मिळतो त्यांच्यातही, शोधत वर जातो. मजकुरातले शब्द 'मोजणी' नावाच्या ऑब्जेक्टात मोजताय असं समजा: 'शब्द इन मोजणी' ट्रू असेल तर ++ ने एक वाढवा, नसेल तर 1 ठेवा. मजकुरात 'कन्स्ट्रक्टर' हा इंग्रजी शब्द आला की रिकाम्या ऑब्जेक्टातही तो 'सापडतो', कारण तो वारशाने आलेला असतो. त्याची किंमत असते फंक्शन, आणि फंक्शनला ++ लावलं की हाती येतं नॅन ('ही संख्या नाही' अशी खूण). अशा कामाला मुळात मॅप (किल्ली-किंमत जोड्यांसाठीच असलेला वेगळा प्रकार) वापरावा.

मग 'इन' टाकाऊ का? अजिबात नाही. ब्राउझरला एखादी सोय आहे का ते बघताना तोच हवा. "'जिओलोकेशन' इन नेव्हिगेटर" ट्रू देतं. तिथे हॅजओन वापरलं तर फॉल्स येईल, कारण ती प्रॉपर्टी नेव्हिगेटरच्या प्रोटोटाइपवर असते. क्लासमधल्या गेटरचंही (प्रॉपर्टी वाचताना चालणाऱ्या फंक्शनचंही) तसंच.

स्वतःच्या किल्ल्यांसाठी जुना मार्ग हॅजओनप्रॉपर्टी. अडचण अशी की ही मेथड तपासायच्या ऑब्जेक्टावरच बोलवावी लागते. ऑब्जेक्ट.क्रिएट(नल) ने बनवलेल्या, प्रोटोटाइपच नसलेल्या ऑब्जेक्टात ती नसतेच, सरळ टाइपएरर. बाहेरून आलेल्या जेसनमध्ये (मजकूर रूपातल्या डेटामध्ये) त्याच नावाची किल्ली असली तरी कोड तिथेच पडतो. म्हणून 2022च्या एक्मास्क्रिप्टमध्ये (जावास्क्रिप्टच्या प्रमाण आवृत्तीत) ऑब्जेक्ट.हॅजओन आलं: ऑब्जेक्ट आणि किल्ली दोन्ही बाहेरून द्यायची. क्रोम 93, फायरफॉक्स 92 आणि सफारी 15.4 पासून ते चालतं. त्याहून जुने ब्राउझर सांभाळायचे नसतील तर नव्या कोडमध्ये मी डोळे झाकून हेच घेतो. नल किंवा अनडिफाइंड दिलं तर मात्र तेही टाइपएरर फेकतं.

ऑब्जेक्ट.कीजची यादी काढून तीत इन्क्लूड्सने शोधणं? चालतं, पण एका किल्लीसाठी अख्खी ॲरे कशाला बनवायची!

'इन' घेणार असाल तर कंसाकडे लक्ष ठेवा. "!'आवाज' इन सेटिंग" यात उद्गारचिन्ह आधी लागतं, स्ट्रिंगचं फॉल्स होतं आणि मग सेटिंगमध्ये 'फॉल्स' नावाची किल्ली शोधली जाते. एररही येत नाही. "!('आवाज' इन सेटिंग)" असं लिहा. ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या साधनाचे शिफारस केलेले नियम चालू असतील तर ही चूक तिथेच पकडली जाते.